विनोदाची तालीम

आपल्याकडे गाणं शिकवतात, तबला शिकवतात, पोहणं शिकवतात, शेअर बाजार शिकवतात. हल्ली श्वास कसा घ्यावा याचेही वर्ग निघाले आहेत आणि त्यांची फी ऐकून तो अडकतो. विनोद मात्र कोणी शिकवत नाही. तो म्हणे अंगातच असावा लागतो. ज्याच्या अंगात तो असल्याची घरच्यांची खात्री असते त्याच्या हाती लग्नाच्या हॉलमध्ये माइक जातो, आणि पुढची वीस मिनिटं पंगत खोळंबते. गवयाचा सूर लागला नाही तर लोक म्हणतात, रियाज कमी पडला. या गृहस्थांचा विनोद पडला तर ते स्वतःच म्हणतात, लोकांना विनोदबुद्धी म्हणून राहिलेली नाही. आणि पुढचा किस्सा सुरू करतात.

जपानी लोकांना असला प्रकार चालायचा नाही. जे लोक चहा कसा करावा हे वर्षानुवर्षं गुरूपाशी बसून शिकतात, ते हसवण्यासारखं जोखमीचं काम दैवावर सोडतील कसे? त्यांच्याकडे विनोदाच्या शाळा आहेत, स्पर्धा आहेत, रीतसर नापास होणारी माणसं आहेत आणि या सगळ्यावर मंगाही आहेत. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं कोणी आहे त्यांना हे सांगायला नको. घरातलं एक कपाट त्यांनी आधीच गमावलेलं असतं. मंगांमधली पोरं मुष्टियोद्धे होतात, स्वयंपाकी होतात, फुटबॉलपटू होतात, आणि सगळी आकाशाकडे बघून 'मी पहिला येणारच!' असं ओरडतात. 'शो-हा शोतेन!' या मंगात ओरडणाऱ्या पोरांना विनोदवीर व्हायचंय.

2021च्या ऑक्टोबरात 'जंप स्क्वेअर' या मासिकात ही सुरू झाली. लेखक असाकुरा अकिनारी मूळचे कादंबरीकार. चित्रं ओबाता ताकेशी यांची, म्हणजे 'डेथ नोट'वाल्या ओबातांची. ज्या हाताने वहीत नाव लिहून माणसं मारणारा पोरगा आणि त्याच्यामागे उभा राहणारा यमदूत काढला, त्याच हाताने आता वहीत विनोद लिहिणारा पोरगा काढला आहे. फरक फारसा जाणवत नाही. घाम तोच, कपाळावर आलेले केस तेच, पेन धरायची पद्धतही तीच. विनोद पडल्यावर या पोरांच्या तोंडावर जी अवकळा येते ती पाहिली की यमदूत परवडला असं वाटतं.

नायकाचं नाव शिजिमा आझेमिची. चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की याची बोबडी वळते. पण घरी बसून टोपणनावाने कार्यक्रमांना विनोद लिहून पाठवण्यात याचा हात धरणारा कोणी नाही. तिकडे 'ओगिरी' नावाचा खेळ असतो. प्रश्न दिला जातो, उत्तर सगळ्यांत गमतीदार द्यायचं. समजा, प्रश्न आला, 'सर्वांत निरुपयोगी छत्री कोणती?' कोणी लिहितं, 'भोकं असलेली.' हा माणूस घरी जाऊ शकतो. कोणी लिहितं, 'पाऊस आला की मालकाच्या मागे लपणारी.' याला पुढच्या फेरीत घ्यायला हरकत नाही. (दोन्ही उत्तरं माझी आहेत, म्हणून परीक्षकही मीच.) आझेमिची हा दुसऱ्या जातीचा. त्याच्या वर्गातला हिगाशिकाता ताइयो पूर्वाश्रमीचा बालनट. रंगमंचावर पाय ठेवला की हा फुलतो. एकाकडे मजकूर आहे पण तोंड नाही, दुसऱ्याकडे तोंड आहे पण मजकूर हवा आहे. दोघं शाळेच्या महोत्सवात जोडीने उभं राहायचं ठरवतात, आणि तिथून पुढे हसवण्यातलं गांभीर्य सुरू होतं.

जोडीने उभं राहायचं ते 'मांझाई' करायला. दोन माणसं, मध्ये एक माइक, बाकी काही नाही. एक 'बोके', हा वेड्यासारखं बोलतो. दुसरा 'त्सुक्कोमी', हा त्याला तिथल्या तिथे फटकारतो, कधी शब्दाने, कधी टाळक्यात चापट देऊन. जपानी नमुना मराठीत आणायचा तर वाटेतच गतप्राण होतो, म्हणून घरचाच बेतलेला घ्या.

'काल पोहायला शिकलो.'

'अरे वा! कुठे?'

'यूट्यूबवर.'

'अरे, पाणी कुठाय त्यात!'

फार थोर विनोद नाही हे मलाही कळतं. पण जरा थांबा. तिसऱ्या वाक्याला हसू तयार झालंय, फक्त ते सांडलेलं आहे. पहिल्या रांगेतला एक जण लगेच फिस्सकन हसला. दुसरा अजून विचार करतोय. मागच्या काकू शेजारणीला विचारतायत, 'काय म्हणाला?' चौथं वाक्य आलं की या तिघांना एकदम मोकळीक मिळते. वेडेपणा वेड्याने केला खरा, पण हशा शहाण्याने वसूल केला. तेच वाक्य अर्धा सेकंद आधी आलं तर लोकांचं हसणं यानेच हिसकावून घेतलं. अर्धा सेकंद उशिरा आलं तर कळलेलंच पुन्हा समजावून सांगितलं. दोन्हीकडे मरण. म्हणून जपानात या शहाण्याला कोणी साथीदार म्हणून हिणवत नाही.

शिवाय फटकारायच्या तऱ्हा किती! 'हो का? मीही परवा तिथेच शिकलो, बटरफ्लायला जरा खांदा दुखतो... अरे, पाणी कुठाय!' म्हणजे आधी वेड्याच्या वेडात दोन पावलं सोबत जायचं आणि मग ओरडत परत फिरायचं. याला 'नोरी-त्सुक्कोमी' असं नाव आहे. 2019 साली पेकोपा नावाच्या जोडीने तर फटकारणंच रद्द केलं. वेडा काही बरळला की शहाणा आधी उसळतो आणि मग वाक्याच्या मध्येच समजूतदार होतो. आपल्या उदाहरणात सांगायचं तर, 'अरे, पाणी कुठाय... असं मी म्हणणार होतो, पण कोरडं राहून पोहायचा हक्क माणसाला असायलाच हवा.' एवढ्या भांडवलावर ते देशातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत तिसरे आले.

तमाशाची बतावणी पाहिलेल्यांना यातलं मूळ ओळखीचं वाटेल. सोंगाड्या वाकड्यात शिरतो, समोरचा त्याला सरळ करायला बघतो आणि स्वतःच अडकतो. फक्त आपल्याकडे लक्षात राहिला सोंगाड्या. समोरच्या सरळ माणसाचं नाव विचारलं तर भले भले डोकं खाजवतील. जपानातली मांझाईही जुनीच. नववर्षाला दोघं जण दारोदार जायचे, एक शुभचिंतन करायचा, दुसरा ढोलकं वाजवून मध्ये मध्ये थट्टा करायचा. 1930च्या सुमारास ओसाकात एन्तात्सु आणि आचाको या जोडीने गाणं-वाजवणं बाजूला ठेवलं, विलायती सूट चढवले आणि वासेदा-केइओ या विद्यापीठांच्या बेसबॉल सामन्याबद्दल नुसत्या गप्पा मारल्या. लोक लोळले. तेव्हापासून सूट गेला नाही. आजही जपानात एखाद्या जिन्याखाली दोन माणसं सूट घालून भिंतीकडे तोंड करून तिला झापताना दिसली तर घाबरू नये. थोड्या वेळाने त्यांचा प्रवेश असतो. ते पाठ म्हणतायत.

हे झालं रंगमंचाचं. पण मंगा तर कागदावर. कागदावर अर्धा सेकंद काढायचा कसा? इथे ओबातांची कारागिरी बघण्यासारखी आहे. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. वेड्याचं वाक्य डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात ठेवलं की वाचकाला पान उलटावंच लागतं. तो उलटायचा क्षण म्हणजे दम खाणं. पान उलटलं की शहाणा अख्ख्या पानभर तोंड उघडून उभा. रंगमंचावर नटाच्या हातात असलेला वेळ इथे वाचकाच्या अंगठ्यात आहे, आणि त्या अंगठ्याला लेखक बरोबर नाचवतो. आमच्या एका मामांनी इंग्रजीतली मंगा आपल्या सवयीने डावीकडून उघडली, तर पहिल्यांदाच सूचना समोर आली की तुम्ही उलट्या बाजूने वाचताय. मामा म्हणाले, 'वाचायच्या आधीच चूक काढणारं पुस्तक घरात आधीपासून एक असताना दुसरं कशाला आणलंत?' मामींनी ऐकलं. पुढची चापट जपानी पद्धतीची नव्हती, पण वेळ अचूक साधलेली होती.

कागदाची एक सोयही आहे. हशा काढता येतो. सभागृहातली डोकी मागे कललेली, तोंडं उघडी, आणि वर जाड अक्षरांत 'दोऽऽ!' हा जपानी हशाचा आवाज. इथे माझी तक्रार आहे. विनोद मला कळलेला नसतो, आणि चित्रातली माणसं लोळत असतात. म्हणजे दोष माझा! टीव्हीवरच्या भाड्याच्या हशावर आपण चिडतो, इथे तर प्रेक्षकही लेखकानेच काढलेले. ते कसे हसणार नाहीत? मात्र विनोद पडल्याचं चित्र जपानी माणसासारखं कोणी काढू शकत नाही. त्यांच्या चित्रकथेत शांततेलाही आवाज आहे: 'शीऽऽन.' रिकामी चौकट, दोन सूट, एक माइक आणि वर लांबवर ओढलेली ती अक्षरं. हसऱ्या पानांवर मी लेखकावर शंका घेतो, पडलेल्या पानांवर मात्र माझा पूर्ण विश्वास बसतो. विनोद पडल्यावरची ती शांतता मी ओळखतो. लिहिणाऱ्या कोणालाही ती ओळखीची असते.

आता शाळेबद्दल. ओसाकात 1912 साली एका जोडप्याने योशिमोतो नावाचा धंदा सुरू केला. एका नाट्यगृहापासून निघालेली ही कंपनी आज जपानी विनोदाची सर्वांत मोठी मालदार मालकीण आहे. पूर्वी विनोदवीर व्हायचं तर एखाद्या गुरूच्या घरी राहायचं, त्याचे जोडे उचलायचे, मग कधीतरी मंचावर पाय ठेवायला मिळायचा. ताकेशी कितानो हे पुढे जगभर नाव झालेले दिग्दर्शक. ते तरुणपणी तोक्योतल्या आसाकुसा भागातल्या एका थिएटरात लिफ्ट चालवत आणि तिथल्या गुरूकडून शिकत. 1982मध्ये योशिमोतोने सरळ शाळाच काढली: फी भरा, वर्गात बसा, हसवायला शिका. गुरूंचे जोडे वाचले, विद्यार्थ्यांचे पैसे गेले. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली असतील. पण पहिल्याच तुकडीतून 'डाउनटाउन' नावाची जोडी निघाली आणि पुढची कित्येक वर्षं जपानी टीव्हीवर तिचंच राज्य होतं, त्यामुळे नाकांना फार वेळ मुरडता आलं नाही.

अर्थात शाळेतून निघणारे सगळे डाउनटाउन होत नाहीत. बहुतेक जण रात्री दुकानात माल लावतात आणि दिवसा भिंतीला झापतात. एका प्रयोगाचे पाचशे येन मिळाल्याचे किस्से तिकडे इतके आहेत, की ते किस्से सांगून मिळणारे पैसे प्रयोगापेक्षा जास्त असावेत. ही बाजू बघायची तर मातायोशी नाओकी यांची 'हिबाना' ही कादंबरी वाचावी. मातायोशी स्वतः मांझाई करणारे विनोदवीर. 2015 साली त्यांना या कादंबरीसाठी आकुतागावा पुरस्कार, म्हणजे जपानी साहित्यातला मोठा मान मिळाला. तीत दोन विनोदवीरांची मैत्री आहे आणि हसू फार कमी आहे.

आणि मग ती स्पर्धा. एम-वन ग्रां प्री, 2001पासून. बक्षीस एक कोटी येन. ती सुरू करणारे शिमादा शिन्सुके हे स्वतः नावाजलेले विनोदवीर. त्यांचा हेतू ऐकून मी त्यांना मनोमन हात जोडले. नियम होता की जोडी जमून दहा वर्षांच्या आत असली पाहिजे. का, तर दहा वर्षांत जमलं नाही तर पोरांना सोडून द्यायला निमित्त मिळावं! लोकांनी नाद सोडावा म्हणून काढलेली स्पर्धा जगात दुसरी असेल तर मला कळवा. मराठी साहित्यात ती तातडीने हवी आहे.

हेतू काही सफल झाला नाही. 2024 साली 10330 जोड्यांनी नावं दिली. दोन हजार येन भरले की कोणीही उतरू शकतं: शाळकरी पोरं, आई आणि मुलगा, बँकेतले कारकून. पहिल्या फेरीत दोन मिनिटं. वेळ उलटली की इशारा होतो, तरीही बोलत राहिलात तर स्फोटाचा आवाज होऊन प्रवेश संपतो. ही सोय आपल्याकडच्या सत्कार समारंभांना तंतोतंत बसेल, पण मंडळं ऐकणार नाहीत. अंतिम फेरी चार मिनिटांची. वर्षभराची तालीम, दहा हजारांवर जोड्या, आणि शेवटी जेमतेम अंडं उकडायच्या आत निकाल.

त्या चार मिनिटांचं सोनं कसं करतात हे बघायचं असेल तर 2019ची मिल्क बॉय जोडी बघावी. विषय काय, तर कॉर्नफ्लेक्स! एक जण सांगतो, आईला एका न्याहारीच्या पदार्थाचं नाव आठवत नाहीये. दुसरा खुणा विचारतो. पहिली खूण जुळते. हा ठणकावतो की मग ते कॉर्नफ्लेक्सच. दुसरी खूण जुळत नाही. मग ते कॉर्नफ्लेक्स नव्हेच. पुन्हा जुळते, पुन्हा नाही. बस, एवढंच. चार मिनिटं झोपाळा पुढे-मागे. पण प्रत्येक 'नव्हेच' म्हणताना तो कॉर्नफ्लेक्सबद्दल असं काही तरी बोलून जातो जे प्रत्येकाच्या मनात होतं आणि कोणी बोललं नव्हतं. तिसऱ्या झोक्याला लोकांना पुढचं वाक्य आधीच माहीत असतं, आणि माहीत असतं म्हणूनच ते हसतात. सात परीक्षकांनी मिळून 700पैकी 681 गुण दिले. इतके त्याआधी कोणालाच मिळाले नव्हते. ही जोडी जमली होती 2007 साली. म्हणजे शिमादांचा दहा वर्षांचा नियम तसाच राहता तर ते दोन वर्षांपूर्वीच घरी बसले असते. स्पर्धा मध्ये चार वर्षं बंद पडून 2015 साली पुन्हा सुरू झाली तेव्हा मुदत पंधरा वर्षांची झाली होती, म्हणून जपानला कॉर्नफ्लेक्स लाभले.

विनोदाच्या मंगा आधीही होत्या. मोरिता मासानोरी यांची 'बेशारी गुराशी' 2005 साली सुरू झाली आणि 2015पर्यंत 19 खंड चालली. नायक सोबा-नूडल्सच्या दुकानदाराचा मुलगा, शाळेत स्वतःला हशाचा राजा म्हणवणारा. त्याला ओसाकाहून आलेला एक पोरगा भेटतो, जो त्याआधी व्यवसायाने विनोदवीर होता. वर्गातला राजा आणि धंद्यातला माणूस यांच्यात किती अंतर असतं हे त्या राजाला जसजसं कळत जातं, तसतशी गोष्ट रंगत जाते. 'शो-हा शोतेन!'पेक्षा हिच्यात हाडामासाची माणसं जास्त आणि सिद्धान्त कमी. ओबाता-असाकुरांच्या पोरांचा एक दोष मला खटकतो: ती हसण्याबद्दल फार रडतात. विनोद जमला की रडतात, पडला की रडतात, दुसऱ्याचा जमला की त्याच्या कष्टांबद्दल दोन पानं मनात भाषण करतात आणि मग रडतात. कधी कधी वाटतं, आता शिमादांना बोलवावं.

पण मोरितांचं पुढचं ऐका. मंगा संपली, खंड खपले. माणूस आता गप्प बसेल की नाही? 2018 साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी आणखी एका चित्रकथाकाराला सोबत घेतलं, 'मंगाका' म्हणजे 'चित्रकथाकार' असंच जोडीचं नाव ठेवलं आणि एम-वनमध्ये नाव दिलं. दहा वर्षं दुसऱ्यांचे विनोद कसे पडतात हे चितारलेला माणूस स्वतःचा पाडून घ्यायला दोन मिनिटांसाठी त्या माइकपुढे उभा राहिला. पहिली फेरी त्यांनी पार केली. समीक्षकांनी हा प्रघात पाडायला हरकत नाही, पण ते लोक फी भरणार नाहीत.

'शो-हा शोतेन!'चा इंग्रजी अनुवाद व्हिझ मीडियाने काढला आहे. त्यातले बरेच श्लेष समुद्र ओलांडताना बुडालेत, ते अनुवादकाच्या नावावर मांडू नका. घाम मात्र शाबूत पोचलाय. पुस्तक उजवीकडून उघडा. पहिल्या खंडात हसू आलं नाही तर दुसरा जरूर घ्या. पहिल्यात त्या पोरांचंही शिकणं नुकतंच सुरू झालेलं असतं.